ताटापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळचा भोर फाटा मागे पडला की थोड्याच वेळात किकवी लागते. पुढे सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरेपलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो. भोर आणि वेल्हे तालुक्यांचा हा पट्टा खाण्यापिण्याच्या दृष्टीने फार वर्दळीचा आहे. रस्त्याच्या कडेला मिसळ, वडा, चिकन-मटणाच्या थाळ्या. गावोगाव सकाळ-संध्याकाळ दुधाचे संकलन. शाळेत पोषण आहार. लग्नसराईत मांडवातल्या पंगती आणि सप्ताहाच्या काल्याला महाप्रसाद. यातले बहुतेक अन्न चांगलेच असते. पण एखाद्या रात्री पंगतीतून घरी गेलेल्या वीस-पंचवीस जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले, तर नेमके कशाने झाले, हे शोधून काढणे किती अवघड असते याची कल्पना सहसा नसते. गावात चर्चा होते, पनीरला किंवा मठ्ठ्याला दोष दिला जातो, सलाईन लावून माणसे बरी होतात आणि विषय मिटतो. पातेली तर रात्रीच घासून झालेली असतात.

अन्नाची जिवाणू-तपासणी करणारी सुसज्ज प्रयोगशाळा इथून ४०-४५ किलोमीटरवर, पुण्यात. हे अंतर फार नाही. तरीही ताटातला घास आणि प्रयोगशाळेतली काचेची बशी यांच्यामध्ये इतक्या अडचणी उभ्या आहेत, की पुष्कळदा ‘आढळले नाही’ असा अहवाल येतो आणि त्याचा अर्थ ‘नव्हतेच’ असा लावला जातो. हा अर्थ का चुकतो, हे समजण्यासाठी आधी अलीकडच्याच आणि जवळच्याच एका साथीकडे पाहायला हवे.

वेल्हे तालुक्यातले, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातले पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणी खडकवासल्यात उतरते. त्याच खडकवासल्याच्या खालच्या अंगाला, सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागांत जानेवारी २०२५ मध्ये गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातपाय लुळे पाडणारा हा आजार एरवी क्वचित दिसतो. इथे काही आठवड्यांत रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, अनेकांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काहींचे प्राण गेले. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, केंद्राचे पथक आले, नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे गेले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला, काहींच्या नमुन्यांत नोरोव्हायरस. संशय पाण्यावर होता, विशेषतः अलीकडच्या वर्षांत महापालिकेत आलेल्या या गावांतल्या पाणीपुरवठ्यावर, कारण धरणाचे पाणी विहिरीत सोडून, फक्त क्लोरिन टाकून ते घरोघर जात होते. दुसरा संशय कोंबडीवर होता. पशुसंवर्धन विभागाने पोल्ट्रीतले नमुने घेतले, कोंबडी खावी की नाही यावर महिनाभर लोक एकमेकांना विचारत राहिले आणि गावोगावच्या चिकन सेंटरांची गिऱ्हाइके रोडावली.

अनेक रुग्णांच्या बाबतीत ठाम उत्तर का मिळू शकले नाही, याचे कारण या जिवाणूच्या स्वभावातच आहे. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांनी जुलाब होतात आणि ते आठवडाभरात थांबतात. त्याच्या आवरणावरचे काही रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मग आपल्याच मज्जातंतूंवर चालून जातात. पाय लटपटू लागतात ते जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी. तोपर्यंत शौचातून जिवाणू बहुधा नाहीसा झालेला असतो, त्यातच दरम्यान प्रतिजैविके घेतलेली असतील तर तो सापडण्याची आशा आणखी कमी. आणि ज्या जेवणातून किंवा ज्या हंड्यातल्या पाण्यातून तो आला, ते तर केव्हाच संपलेले असते. रुग्णालयात माणूस दाखल झाल्यावर त्याला ‘तीन आठवड्यांपूर्वी काय खाल्ले होते’ असे विचारून काय हाती लागणार?

प्रयोगशाळेतही कॅम्पिलोबॅक्टर सहजी वाढत नाही. बहुतेक जिवाणूंना उबदार पेटीत ३७ अंशांवर ठेवले की रात्रभरात बशीवर ठिपके दिसू लागतात. याला साध्या हवेतला ऑक्सिजन सोसत नाही आणि अजिबात ऑक्सिजन नसेल तरी चालत नाही. म्हणून बशा एका हवाबंद बरणीत ठेवून, रसायनाची पुडी फोडून आतला ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो, कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांपर्यंत वाढवावा लागतो. तापमान लागते ४२ अंश, म्हणजे कोंबडीच्या अंगाइतके. कोळशाची पूड आणि दुसऱ्या जिवाणूंना रोखणारे प्रतिजैविक मिसळलेले काळे माध्यम लागते. मग ४८ तासांनी ओलसर, करड्या रंगाचे, पसरट डाग दिसले तर दिसले. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मार्टिन स्किरो यांनी शौचातून हा जिवाणू वेगळा करण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जगाला कळले की जुलाबाच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. त्याआधी तो नव्हता असे नाही. त्याला शोधायची बरणीच कोणाकडे नव्हती. आजही साध्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शौचाचे ‘कल्चर’ करतात तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर शोधलेला असतोच असे नाही. तो वेगळा सांगून शोधावा लागतो.

साल्मोनेला हा जिवाणू त्या मानाने सोशिक. पण अन्नातून तो शोधण्याची सर्वमान्य पद्धत पाहिली की ‘उद्या रिपोर्ट द्या’ म्हणणाऱ्याला थांबायला सांगावे लागते. पंचवीस ग्रॅम अन्न निर्जंतुक पिशवीत घेऊन त्यात २२५ मिलिलिटर पेप्टोनचे पाणी घालायचे आणि साधारण १८ तास उबेत ठेवायचे. शिजवताना, वाळवताना किंवा थंडीत अर्धमेले झालेले जिवाणू इथे सावरतात. हा टप्पा गाळला तर ते पुढच्या कडक माध्यमात मरून जातात आणि अहवाल खोटा निर्दोष येतो. दुसऱ्या दिवशी त्यातले थोडे पाणी दोन निवडक माध्यमांत टाकायचे, पुन्हा २४ तास. तिसऱ्या दिवशी बशीवर पसरायचे. चौथ्या दिवशी लाल बशीवर मध्यभागी काळे असलेले ठिपके दिसले तर ते साल्मोनेलासारखे; सारखेच, कारण तसे दिसणारे दुसरेही आहेत. मग जैवरासायनिक चाचण्या आणि रक्तद्रव-चाचणीने खात्री. पाचवा दिवस उजाडतो तेव्हा गावातली पंगत लोक विसरत आलेले असतात.

पंचवीस ग्रॅम हा आकडाही नीट पाहायला हवा. कायद्याने अनेक पदार्थांत साल्मोनेला ‘२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’ असावा लागतो. समजा एखाद्या मसाल्याच्या पोत्यात दर १०० ग्रॅमला सरासरी एक जिवाणू आहे आणि तो सगळीकडे सारखा मिसळला आहे. त्यातला २५ ग्रॅमचा एक नमुना घेतला तर त्यात जिवाणू असण्याची शक्यता शंभरात जेमतेम २२. असे पाच नमुने घेतले तरी शंभरातल्या २९ वेळा पोते निर्दोष ठरून बाहेर पडेल. प्रत्यक्षात जिवाणू सारखे मिसळलेले नसतात, गठ्ठ्याने असतात. त्यामुळे हिशेब आणखी बिघडतो. इतके थोडे जिवाणू असले तर बिघडले कुठे, असे वाटेल. त्याचे उत्तर १९९३ मध्ये जर्मनीत मिळाले. पापरिका म्हणजे लाल मिरचीची पूड लावलेले बटाट्याचे वेफर्स खाऊन जवळजवळ हजार जण आजारी पडले, त्यांत मुले जास्त. त्या वेफर्समध्ये साल्मोनेलाचे प्रमाण एका ग्रॅमला अर्ध्याहूनही कमी निघाले. तेलकट पदार्थात जिवाणू पोटातल्या आम्लापासून वाचतो आणि मोजके जिवाणूसुद्धा पुरेसे होतात.

मसाल्यांचा आणखी एक गुंता आहे, जो मराठी स्वयंपाकघराला जास्त लागू पडतो. लवंग, दालचिनी, लसूण, कांदा यांच्यात जिवाणूंना दाबणारे घटक असतात. ताटात हे चांगलेच, पण प्रयोगशाळेच्या पिशवीत तेच घटक जिवाणूला वाढू देत नाहीत आणि तो असूनही दिसत नाही. म्हणून दालचिनीचा नमुना शंभर पट आणि लवंगेचा हजार पट पातळ करावा लागतो. कांदा-लसणाच्या पुडीसाठी माध्यमात पोटॅशियम सल्फाइट घालावे लागते. मिसळीचा कट किंवा काळ्या मसाल्याचे कालवण तपासायचे तर त्यात हे सगळे एकत्र, वर तेलाचा तवंग. तपासणीच्या पद्धती मुख्यतः दूध, मांस, अंडी असे सरळ पदार्थ समोर ठेवून घडल्या आहेत. दहा-पंधरा जिन्नस वाटून केलेल्या आपल्या पदार्थांसाठी त्या पद्धती कितपत लागू पडतात, याची पडताळणी आपल्याच प्रयोगशाळांनी करायला हवी; बाहेरून कोणी ती करून देणार नाही.

हे सारे जिवंत जिवाणूबद्दल झाले. पण कित्येकदा माणूस आजारी पडतो तो जिवाणूने मागे ठेवलेल्या विषाने. भोर भाताचा तालुका आहे, आंबेमोहराचा वास इथे ओळखीचा. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजे शेतातल्या मातीतूनच येतात आणि उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, बीजे रुजतात आणि उलट्या आणणारे विष तयार होते. ते विष इतके चिवट, की १२१ अंशांवर तासाहून अधिक काळ तापवले तरी टिकते. दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन भात परतला की जिवाणू मरतात, विष राहते. स्टॅफिलोकोकसचे विषही असेच. हाताला जखम किंवा फोड असलेल्या माणसाने खवा, श्रीखंड, पेढा हाताळला की तो जिवाणू तिथे पोहोचतो.

जपानमध्ये जून २००० मध्ये स्नो ब्रँड कंपनीचे दूध पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. मूळ कारण होक्काइदोतल्या दूध भुकटीच्या कारखान्यात काही तास वीज गेल्याचे निघाले. तेवढ्या वेळात दूध कोमट राहिले, स्टॅफिलोकोकस वाढले, विष झाले. पुढे पाश्चरीकरणात जिवाणू मेले आणि जिवंत जिवाणू मोजणाऱ्या चाचण्यांत भुकटी निर्दोष ठरली. वीज जाणे भोर-वेल्ह्याला नवीन नाही, आणि संकलन केंद्रातल्या बल्क कूलरलाही वीजच लागते.

कधी कधी तर दोषी जिवाणू नसतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीच्या प्रसादाची भगर आणि आमटी खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली. खाटा पुरल्या नाहीत. लोकांना जमिनीवर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या, ती छायाचित्रे देशभर पोहोचली. अन्न व औषध प्रशासन दर नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीबद्दल सावध करते, कारण दमट हवेत भगरीच्या पिठावर वाढणारी अस्परजिलस बुरशी विषारी द्रव्ये तयार करते. असे बुरशीचे विष असेल तिथे जिवाणूंच्या बशा मांडून पाच दिवस वाट पाहिली तरी हाती काही लागायचे नाही. काय शोधायचे, हे आधी ठरवावे लागते. आणि ते ठरवायला रुग्णांशी बोलणे हाच मार्ग. खाल्ल्यावर तास-दोन तासांत उलट्या झाल्या तर विषाचा संशय, दुसऱ्या दिवशी तापासह जुलाब लागले तर साल्मोनेलाचा, तीन-चार दिवसांनी पोटात मुरडा येऊन रक्त पडले तर कॅम्पिलोबॅक्टर किंवा शिगेलाचा. लोक मात्र नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतात.

आता कायद्याकडे वळू. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. पण नमुना घेण्याची मूळ शिस्त भेसळ पकडण्याच्या दृष्टीनेच घडलेली आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, लाखेची मोहोर लावतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, तो मान्य नसेल तर व्यावसायिकाने ३० दिवसांत अपील करायचे, मग राखीव भाग वरच्या प्रयोगशाळेकडे. दुधात पाणी किंवा तेलात तेल मिसळले असेल तर ही व्यवस्था चोख चालते, कारण दोन महिन्यांनीही पाणी पाणीच राहते. जिवाणूंचे तसे नाही. उन्हात राहिलेल्या नमुन्यात ते लाखांनी वाढतात, गोठवले तर त्यातले काही मरतात. पहिल्या भागात सापडलेला जिवाणू चौथ्या भागात नसणे अगदी शक्य आहे आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते.

त्याहून मोठा घोळ परिरक्षकाचा. दुधाचा नमुना रासायनिक तपासणीसाठी नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिन टाकण्याची जुनी पद्धत आहे, २५ मिलिलिटरला दोन थेंब. हे दोन थेंब पडले की जिवाणू मेले. भेसळीसाठी घेतलेला नमुना नंतर ‘जरा जिवाणूही बघा’ म्हणून पाठवला तर त्याचा काही उपयोग नाही. जिवाणूंसाठी वेगळा नमुना, निर्जंतुक भांड्यात, फॉर्मेलिनशिवाय, बर्फात ठेवून, काही तासांत पोहोचवावा लागतो. कायद्यात आणि नियमावलीत आता हे आहे. प्रत्यक्षात एका अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वाट्याला येणारा मुलूख, त्याच्याकडची गाडी, बर्फाची पेटी आणि संध्याकाळी पाच वाजता प्रयोगशाळेत नमुना घेणारा माणूस यांवर सगळे अवलंबून असते. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यात, पावसाळ्यात, रात्री दहा वाजता विषबाधा झाली तर हा प्रवास कसा होईल?

पुणे शहर या बाबतीत भाग्यवान आहे. इथली राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा जुन्या कायद्याखाली देशातल्या चार मध्यवर्ती अन्न प्रयोगशाळांपैकी एक होती. बाकीच्या कोलकाता, म्हैसूर आणि गाझियाबादला. एनआयव्ही १९५२ पासून इथेच आहे. महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांना अशी जवळीक लाभते. म्हणूनच जीबीएसच्या साथीत निदान काहीतरी सापडले. हीच साथ एखाद्या दूरच्या तालुक्यात आली असती, तर लुळे पडलेले रुग्ण वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णालयांत विखुरले गेले असते आणि ही साथ आहे, हेसुद्धा कोणाच्या लक्षात आले नसते.

गावपातळीवर अजिबात तपासणी होत नाही असे मात्र नाही. पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातली व्यवस्था बऱ्यापैकी रुजली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे, नाही झाले तर नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. शिवाय एचटूएसची बाटली आहे, आणि ती भारतीय शास्त्रज्ञांची देणगी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये ती जगापुढे मांडली. छोट्या बाटलीत आधीच माध्यम असते, खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचे आणि ठेवून द्यायचे. मैल्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याची लोहाशी गाठ पडली की पाणी शाईसारखे काळे होते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. सरपंचाला आकडे दाखवून जे पटत नाही ते काळी बाटली पाहून पटते.

तरी या बाटलीच्या मर्यादा आहेत. ती ३० ते ३७ अंशांत चांगली चालते. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी डिसेंबरच्या रात्री घरात ठेवली तर उशीर लागतो आणि चोवीस तासांनी ‘काळी झाली नाही’ म्हणून नोंद होते. क्लोरिन असलेले पाणी प्रयोगशाळेकडे नेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट नसेल तर वाटेतच क्लोरिन जिवाणूंना मारत राहतो आणि नळाचे पाणी होते त्यापेक्षा स्वच्छ दिसते. मुळात या चाचण्या मैल्याची खूण शोधतात, रोगाचा जिवाणू नव्हे. ई. कोलाय सापडला म्हणजे पाण्यात मैला मिसळला हे नक्की. पण तो सापडला नाही म्हणून नोरोव्हायरस नाही, असे म्हणता येत नाही, कारण ई. कोलाय क्लोरिनने लवकर मरतो, काही विषाणू आणि परजीवी टिकून राहतात.

दुधाचे चित्र आणखी बोलके आहे. गावच्या डेअरीवर किटलीतून दूध ओतले की यंत्र काही सेकंदांत फॅट आणि एसएनएफ सांगते, पावती निघते, भाव ठरतो. त्या पावतीवर जिवाणूंचा रकाना नसतो. गोठा धुऊन, कास पुसून, स्वच्छ किटलीत दूध आणणाऱ्या बाईला आणि तसे न करणाऱ्याला एकच भाव मिळतो. मिथिलीन ब्लूची जुनी चाचणी अजूनही उपयोगाची आहे: दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळा रंग टाकून ३७ अंशांवर ठेवायचे. जितके जिवाणू जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर उत्तम दूध, अर्ध्या तासातच उडाला तर वाईट. खर्च नगण्य. पण सकाळी सात वाजता रांग लागलेली असताना पाच तास कोण थांबणार, म्हणून ती मोठ्या संघांच्या प्रयोगशाळेत राहते आणि तोवर गावोगावचे दूध टँकरमध्ये एक झालेले असते. आठवड्यातून एकदा प्रत्येक उत्पादकाची अशी चाचणी करून चांगल्या दुधाला लिटरमागे थोडा वाढीव भाव दिला, तर जे दहा परिपत्रकांनी होत नाही ते होईल. दूध संघांनी हे मनावर घ्यायला हवे.

नवे तंत्र यातून सोडवील का? काही अंशी. पीसीआरने जिवाणूचा डीएनए काही तासांत ओळखता येतो. जीबीएसच्या वेळी त्याच तंत्राचा मोठा आधार झाला. पण डीएनए मेलेल्या जिवाणूचाही असतो, म्हणजे उकळून निर्धोक झालेले अन्नही दोषी दिसू शकते. दुधातले कॅल्शियम, तेल, मसाल्यातली द्रव्ये पीसीआरची क्रिया अडवतात. आणि जिवाणू मोजके असतील तर आधी रात्रभर वाढवावेच लागतात, म्हणजे ‘दोन तासांत निकाल’ हा प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीचा निकाल होतो. जनुकक्रम वाचून दोन गावांतला जिवाणू एकाच मूळचा आहे का, हे ठरवता येते. मात्र त्यासाठी आधी जिवंत जिवाणू हातात लागतो; केवळ पीसीआर करून नमुना टाकून दिला तर तो धागा तुटतो. अन्न व औषध प्रशासनाच्या फिरत्या प्रयोगशाळा जत्रा-बाजारात उभ्या राहतात तेव्हा लोकांना वाटते की सगळे तपासले जाते. त्यांचा भर भेसळीवर असतो. रोगजंतूंसाठी लागणारे चार-पाच दिवस गाडीत घालवता येत नाहीत.

यंत्रांपेक्षा माणसांना विचारून कसे उत्तर मिळते, याचे उदाहरण जर्मनीतले, २०११ सालचे. ई. कोलायच्या एका भयंकर जातीने ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त मेले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी आधी स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवले. त्या काकड्यांत ई. कोलाय सापडला होता, पण साथीचा नव्हे. तेवढ्यात स्पेनच्या शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले. खरा छडा लागला तो हॉटेलांतून. जेवणाऱ्यांना ताटावर शोभेला टाकलेले मोड आठवत नव्हते, म्हणून तपासणाऱ्यांनी बिले काढली, कोणत्या गटाने कोणता पदार्थ मागवला ते पाहिले आणि आचाऱ्यांना विचारले की त्यात काय काय घालता. धागा एका शेतावरच्या मोडांपर्यंत आणि तिथून इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला. त्या बियांच्या नमुन्यांत जिवाणू शेवटपर्यंत सापडला नाही. तरीही युरोपने त्या बियांची विक्री थांबवली, कारण पावत्यांचा पुरावा पुरेसा होता. मटकीला मोड आणण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूलाही मानवते. आपण उसळ शिजवून खातो म्हणून वाचतो. भिजवलेली कच्ची मटकी वरून पेरून देणाऱ्या हॉटेलांनी एवढे ध्यानात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दूषित अन्नाने दरवर्षी जगात ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात असा अंदाज दिला. त्यातले १ लाख ७५ हजार मृत्यू भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागातले. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे आणि त्यात जुलाब आणि अन्नविषबाधेच्या साथी सतत नोंदल्या जातात. ‘कशामुळे’ या रकान्यात मात्र पुष्कळदा नेमके नाव नसते. अन्न कायद्याच्या कलम ३५ ने डॉक्टरांना विषबाधेची माहिती देणे बंधनकारक करण्याची सोय ठेवली आहे. ती कागदावरून दवाखान्यापर्यंत यायला हवी.

पैसा कुठे घालावा, असा प्रश्न आला तर उत्तर स्पष्ट आहे. पुण्यात आणखी एक महागडे यंत्र बसवण्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात शौचाचा नमुना टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळ्या, निर्जंतुक पिशव्या आणि बर्फाची पेटी हवी, आणि नमुना रात्री नेणारे वाहन हवे. लसी थंड ठेवून डोंगरातल्या वाडीपर्यंत नेण्याची व्यवस्था आरोग्य खात्याने उभी केलीच आहे. नमुना त्याच वाटेने उलट आणायचा आहे.

वाचकांनाही यात करण्यासारखे आहे. पंगतीनंतर किंवा हॉटेलात खाऊन चार जणांना एकदम त्रास झाला तर उरलेले अन्न फेकू नका आणि पातेली लगेच घासू नका. प्रत्येक पदार्थ वेगळ्या, उकळून गार केलेल्या डब्यात, स्वच्छ चमच्याने भरा, डबा फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. त्यावर पदार्थाचे नाव आणि वेळ लिहा. कोणी काय खाल्ले आणि कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला, याची यादी करा. ज्यांना काहीच झाले नाही त्यांनी काय खाल्ले हेही त्यात येऊ द्या. प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी शौचाचा नमुना घ्यायला डॉक्टरांना सांगा. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर उपचार आधी. आणि आरोग्य केंद्राबरोबरच अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर त्याच दिवशी कळवा.